सात नंबरचा बोअर

पृथ्वीच्या पोटात काय दडलं आहे हे माणसाला हजारो वर्षं न सुटलेलं कोडं होतं, आणि ते अखेर आपल्या पिढीने संगणकाच्या साहाय्याने सोडवलं आहे. हे वाक्य माझं नाही. ‘भूगर्भलक्ष्मी’ नावाच्या, खनिजं शोधणाऱ्या एका कंपनीच्या पुस्तिकेतलं ते पहिलं वाक्य आहे. साताऱ्याहून बुलढाण्याला जाताना मी ते चार वेळा वाचलं, कारण शेजारच्या प्रवाशाने माझं वर्तमानपत्र सुरुवातीलाच मागून घेतलं होतं आणि जालना आलं तरी त्याचं वाचून झालं नव्हतं. चार वेळा वाचल्यावर कुठलंही वाक्य बरंचसं खरं वाटू लागतं.

पुस्तिका मला दिलीपने पाठवली होती. दिलीप माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. बुलढाण्याच्या एका सरकारी कार्यालयात त्याने बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली आणि मागच्या वर्षी तो निवृत्त झाला. निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम त्याला या कंपनीच्या शेअरमध्ये घालायची होती. शेअर बाजारात नोंदलेले नव्हते, ‘निवडक मान्यवरांसाठी’ होते, आणि अर्जाची मुदत शनिवारी संध्याकाळपर्यंत होती. मी कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. बायको म्हणाली, “इतकी वर्षं परक्यांच्या मुलांना शिकवलंत. एकदा तरी त्याचा घराला उपयोग होऊ द्या.” मी बॅग भरली.

बुलढाणा, गुरुवार

बुलढाणा घाटमाथ्यावर आहे, आणि आल्या आल्या हवेविषयी चांगलं बोलायचं अशी तिथे रीत आहे. दिलीपने रिक्षातच विचारलं, “हवा पाह्यली का भाऊजी? थंड आहे ना?” फेब्रुवारीतली भर दुपार होती आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मी हो म्हटलं. पाहुण्याने यजमानाच्या गावच्या हवेवर शंका घेऊ नये. शंका घेण्यासाठी मला पुढे बरंच काही मिळणार होतं.

घराच्या पुढच्या खोलीत आठ शिलाई मशिनी आहेत. दिलीपची बायको वंदना तिथे शिवणक्लास चालवते. पाहुणा आला की एका स्टुलावरचं कापड उचलून त्याला बसवतात. मी बसलो तिथे डोक्यावर दोरीला अकरा ब्लाऊज टांगलेले होते, त्यांतले चार बिनबाह्यांचे, म्हणजे बाह्या अजून लागायच्या होत्या. वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढायच्या आणि क्लास तिकडे न्यायचा, असं ठरून पाच वर्षं झाली होती. निवृत्तीची रक्कम त्यासाठीच होती. गवंडी मापं घेऊन गेला होता, सळ्याही येऊन अंगणात पडल्या होत्या. मग जानेवारीत ती पुस्तिका आली.

साताऱ्यात पाहुण्याला “चहा घेणार का?” असं विचारतात, आणि विचारण्याच्या सुरावरून काय उत्तर द्यायचं ते पाहुण्याला कळतं. इथे विचारत नाहीत. पहिला कप संपला की दुसरा येतो. नको म्हटलं तर “अर्धाच आहे” म्हणत काठोकाठ भरलेला येतो. दुसऱ्या कपाबरोबर दिलीपने पुस्तिकेतलं मधलं पान उघडलं.

पानावर एक डोंगर होता. तो छोट्या छोट्या चौकोनी ठोकळ्यांचा केलेला होता आणि प्रत्येक ठोकळ्याला रंग होता.

“लाल म्हणजे भरपूर माल,” दिलीप म्हणाला. “पिवळा म्हणजे मध्यम. निळ्यात काही नाही. पाहा, निळा कुठं दिसते का?”

दिसत नव्हता.

“माल म्हणजे काय?”

“जिओलाइट.” हा शब्द तो परदेशातल्या जावयाचं नाव घ्यावं तसा घेत होता.

विहीर खणताना खडकाच्या पोकळ्यांत जे पांढरे, गुलाबी, चमकते खडे सापडतात, त्यांतल्या काहींना हे नाव आहे. पाणी शुद्ध करायला, कोंबड्यांच्या शेडमधला वास मारायला ते उपयोगी पडतात. गावात अशा सगळ्याच खड्यांना गारगोट्या म्हणतात. गारगोटीचे शेअर कोणी घेत नाही, जिओलाइटचे घेतात.

एकूण साठ्याचा आकडा पुढच्या पानावर एकट्याने बसला होता. तो मी इथे देत नाही. एवढंच सांगतो की तो टनांमध्ये होता, कोटीच्या घरात होता, आणि त्याच्या शेवटी दशांशचिन्ह देऊन आणखी दोन अंक लिहिलेले होते. म्हणजे कंपनीला जमिनीखालच्या डोंगराचं वजन दहा किलोपर्यंत अचूक माहीत होतं. मला माझं स्वतःचं त्याहून थोडंसंच अधिक अचूक माहीत आहे. आकड्याखाली मुंगीने लिहावं अशा अक्षरात एक ओळ होती: हा साठा अनुमानित असून तो काढणे परवडेल असे सिद्ध झालेले नाही.

मी ती मोठ्याने वाचून दाखवली.

“ते कायद्यासाठी टाकावं लागते, भाऊजी. सिगारेटच्या पाकिटावर नाही का रायत?”

“तू सिगारेट ओढतोस?”

“छे!”

“का?”

त्याने पान माझ्याकडे सरकवलं. “पण याचे रंग पाहा ना तुम्ही,” म्हणाला.

असल्या पुस्तिका शेवटाकडून वाचाव्यात. शेवटच्या पानावर बोअरची यादी असते. बोअर म्हणजे यंत्राने जमिनीत पाडलेलं मनगटाएवढं भोक. त्यातून खडकाचे लांब दंडगोल बाहेर काढतात आणि कुठल्या खोलीवर काय सापडलं ते तपासतात. माणसाने प्रत्यक्ष पाहिलेलं असं एवढंच. बाकी डोंगर, ठोकळे, रंग आणि दशांश संगणकाने या भोकांवरून अंदाजाने भरलेले असतात. या यादीत दहा बोअर होते. एक ते सहा, आणि मग आठ ते अकरा.

“सात नंबर दिसत नाही,” मी म्हटलं.

दशांशावर मी पाच मिनिटं बोललो होतो तेव्हा दिलीप हलला नव्हता. आता त्याने चष्मा लावला. बोट ठेवून यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

“हे बरोबर नाही,” तो म्हणाला. “उद्या साहेबाले विचारू.”

वंदना मागे एका मुलीला कापड कापायला शिकवत होती. कात्री न थांबवता ती म्हणाली, “भाऊजी, मी काही एका बाईचं माप घेऊन साऱ्या मोहल्ल्याचे ब्लाऊज शिवत नाही. हे लोक कसे शिवतात, तेवढं विचारून या.”

“तुले कम्प्युटरमधलं काय समजते?” दिलीप म्हणाला.

“कम्प्युटरमधलं नाही समजत. मापातलं समजते.”

तीस वर्षांत मी विद्यार्थ्यांना जे शिकवलं ते एवढंच होतं. मला त्यासाठी तीन तास लागत आणि फळा लागे.

धाडच्या पुढे, शुक्रवार

कंपनीने मान्यवरांना जागा दाखवण्यासाठी बस केली होती. बसमध्ये चिखली, खामगाव, देऊळगाव राजा अशा ठिकाणचे वीसेक निवृत्त लोक होते आणि प्रत्येकाच्या मांडीवर तीच पुस्तिका होती. खामगावचे एक निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले, “मी छपाईवरून कंपनी ओळखतो. रंग एकमेकांत गेलेले नाहीत.”

धाड सुटलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बियाण्याच्या कांद्याची शेतं लागतात. एकेका दांड्यावर पांढरा गोल चेंडू, आणि असे चेंडू शेताच्या टोकापर्यंत. त्यांच्यावर मधमाश्यांचा असा आवाज उठतो की बस थांबली तरी तिचं इंजिन चालू आहे असं वाटतं. पुढे एक फाटा आहे आणि फाट्यावरून आत एक गाव आहे. गावाचं नाव मी देत नाही. गावकऱ्यांची काही हरकत नसावी, पण कंपनीची असेल.

एका कापलेल्या शेतात मांडव घातला होता. मांडवात शिरताना प्रत्येकाला पिवळं शिरस्त्राण दिलं. मांडवाचं कापड पडलं असतं तर त्याचा उपयोग झाला असता. व्यासपीठावर कंपनीचे संचालक होते. त्यांच्या नावाआधी डॉक्टर होतं. कशाचे, ते कोणी विचारलं नाही. दीपप्रज्वलन झालं. मग ज्यांच्या जमिनीत बोअर पाडले त्या दहा शेतकऱ्यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. त्यांत धोतर नेसलेले एक सडपातळ म्हातारे होते. त्यांनी शाल न पाहताच खांद्यावर टाकली. नारळ मात्र तळहातावर आडवा ठेवून पाहिला, कानाशी नेऊन हलवला आणि संचालकांना परत दिला.

“हा नाही चालत. दुसरा द्या,” ते म्हणाले.

संचालकांनी मुकाट्याने दुसरा दिला. मला याचं नवल वाटलं, पण ते मी तेव्हा बाजूला ठेवलं.

नंतर आम्हाला एकेकाला डोळ्यांवर बांधायची पेटी दिली. ती लावली की तुम्ही रंगीत डोंगराच्या आत असता. खोटं कशाला सांगू, मी भारावलो. तांबडे ठोकळे अंगावर येत होते, मी एकदा खाली वाकलो, एकदा बाजूला झालो. मी जमिनीखाली शंभर फुटांवर असताना माझा कोपर मठ्ठ्याच्या पातेल्यात गेला. जेवणाची टेबलं तिथेच लावून ठेवली होती. वाढप्याने मला हाताला धरून पृथ्वीवर आणलं.

प्रश्नांसाठी दहा मिनिटं होती. मी ओल्या बाहीने हात वर केला.

“दोन बोअरमध्ये अंतर किती?”

“साधारण एक किलोमीटर.”

“मग मधल्या किलोमीटरमध्ये काय आहे ते कसं कळलं?”

“सॉफ्टवेअर परदेशी आहे,” संचालक म्हणाले आणि त्यांनी त्याची किंमत सांगितली. मांडवात कौतुकाची कुजबुज झाली.

“समजा, यातला एक बोअर झाकून ठेवला आणि उरलेल्या नऊवरून तिथे काय निघायला हवं ते संगणकाला विचारलं. उत्तर जमतं का? असं करून पाहिलंत का?”

“फार चांगला प्रश्न आहे,” संचालक म्हणाले. चांगला प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर नाही असा प्रश्न. वर्गात हे वाक्य मी स्वतः अनेकदा वापरलेलं आहे.

मग दिलीप उभा राहिला. पुस्तिका छातीशी धरून त्याने विचारलं, “साहेब, सात नंबर कुठं गेला?”

संचालक मोकळेपणाने हसले. “तो नंबर आम्ही दिलाच नाही. हॉटेलात तेरा नंबरची खोली नसते ना, तसं. आमच्या चेअरमनना सात लाभत नाही.”

सगळे हसले. दिलीपही हसला आणि समाधानाने खाली बसला. “नंबर दिलाच नसंल तं प्रश्न मिटला,” तो मला म्हणाला.

शेषरावांच्या शेतात

जेवणात पनीर होतं. ज्या जिल्ह्यात वांग्याचं भरीत असं होतं की माणसाने त्याच्यासाठी मुक्काम वाढवावा, तिथे आम्ही पनीर खाल्लं, कारण गुंतवणूकदारांना तेच द्यायची पद्धत आहे. मग बसने आम्हाला तीन नंबरच्या बोअरवर नेलं. कमरेइतका लोखंडी पाईप जमिनीतून वर आला होता, त्याला झेंडूचा हार घातला होता. लोकांनी हाराशेजारी उभं राहून फोटो काढले. पाईपमधून एक काळी नळी निघून शेजारच्या कांद्यात गेली होती, पण तिचा फोटो कोणी काढला नाही.

शेत नारळ परत करणाऱ्या त्या म्हाताऱ्यांचं होतं. त्यांचं नाव शेषराव. मी त्यांना विचारलं, “बोअर बरोबर इथेच पाडायचा हे कोणी ठरवलं?”

“मीनं,” ते म्हणाले.

“म्हणजे तुमच्या शेतातला?”

“साऱ्याच. दहाच्या दहा जागा माह्याच.”

पुस्तिकेत लिहिलं होतं की जागांची निवड भूभौतिक पद्धतीने झाली. मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, काखेतला नारळ काढला आणि तळहातावर आडवा ठेवला. “हेच ते,” म्हणाले.

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

“पयले त्याइनं नकाशावर ठिपके देल्ले होते. सारे एका रेघेत, चौकटीवानी. एक ठिपका सखारामच्या गोठ्यात, एक माह्या हरभऱ्याच्या मधोमध. आता सांगा, गोठ्यात कोण भोक पाडू देईन? मंग गाव बसलं. आमी म्हटलं, पाडा ना भोक, नाही कोण म्हणते? पण जागा आमची. अन् तुमचं काम झालं का भोक बी आमचं. पाणी लागलं तं मोटर टाकू.”

“आणि कंपनीने ऐकलं?”

“काऊन नाही ऐकन? त्याइले भोकाशी मतलब, आमाले पाण्याशी. ठिपका थोडा इकडं-तिकडं झाला तं काय बिघडते, म्हणे साहेब. दर बोअरले मले एक नवा नारळ देत.”

शेषराव पंचक्रोशीतले पाणाडे होते, जमिनीखालचं पाणी सांगणारे. आमच्याकडे साताऱ्याला पाणाड्या कडुनिंबाची बेचकी घेऊन चालतो. इकडे आडवा नारळ घेतात, आणि पाणी असेल तिथे तो तळहातावर उभा राहतो. शेषराव बांधापासून पाईपापर्यंत चालत आले आणि पाईपापाशी नारळ खरोखर उभा राहिला. मी तोच नारळ घेऊन तसाच चाललो. माझ्या हातावर तो झोपूनच राहिला. इथे मी एक कबूल केलं पाहिजे. साताऱ्याच्या माझ्या घरामागची विहीर बेचकीने सांगितलेल्या जागी आहे. हे मी विद्यार्थ्यांना कधी सांगितलं नाही.

“पाणी सगळ्याच बोअरना लागलं?”

“दहाच्या दहाले. पाहा गुरुजी, पाणी काळ्या पाषाणात नाही रायत. तो असा घट्ट, पाणी जाईन कुठून? पाणी रायते मांजऱ्यात. म्हंजे भोकाभोकाचा मऊ दगड. अन् ह्या साहेबाच्या गारगोट्या बी त्याच दगडात रायतात. मी पाणी सांगतलं, त्याले गारगोट्या सापडल्या. तोही खूश, मीबी खूश.”

झाडाखाली उभा राहून मी दिलीपला समजावलं. संगणकाला वाटलं, दहा भोकं वाटेल तिथे पाडली आणि दहांतही माल निघाला, म्हणजे सगळीकडेच माल आहे. त्याने सगळा डोंगर लाल केला. पण भोकं वाटेल तिथे पाडलेली नव्हती. जिथे मऊ दगड आहे असं शेषरावांना वाटलं तिथेच पाडली होती. “वर्गातल्या पहिल्या दहा नंबरांचे पेपर तपासायचे,” मी म्हटलं, “आणि त्यावरून तालुक्याचा निकाल लावायचा, तसं झालं हे.”

दिलीपने सगळं लक्षपूर्वक ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडताना मला दिसला.

“दहापैकी दहा?” तो शेषरावांकडे वळला.

“दहापैकी दहा.”

“मंग भाऊजी, तुम्ही घाबरून काऊन राह्यले?” तो म्हणाला. “मले आतापर्यंत वाटत होतं, हे नुसतं कम्प्युटरचं काम आहे. याच्यामागं तं नारळ आहे!”

बस सुटल्याचा आवाज याच वेळी आला. आम्ही हात केले. खिडकीतून मुख्याध्यापकांनीही आम्हाला प्रेमाने हात केला.

रोडगे आणि शाळा

फाट्यावरून जीप मिळते, पण घाई करून उपयोग नसतो, कारण भरल्याशिवाय ती निघत नाही. शेषराव म्हणाले, “आले तसे जेवून जा.” त्यांच्या बोअरला पाणी लागून वर्ष झालं होतं, म्हणून त्यांनी मारुतीला रोडगे केले होते. रोडगा म्हणजे गव्हाच्या कणकेचा, थरांचा जाड गोळा. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात आणि वरणात कुस्करतात. सोबत वांग्याची तिखट भाजी. कंपनीच्या लोकांनाही त्यांनी बोलावलं होतं, पण ते पनीर खाऊन आले होते. मी दुसऱ्यांदा जेवलो. पहिलं जेवण मी हिशेबात धरत नाही.

दिलीप चौथ्या रोडग्याला कंपनीविषयी प्रेमाने बोलू लागला. शनिवारी सकाळीच अर्ज देऊन टाकतो म्हणाला. तीस वर्षांचं संख्याशास्त्र एका नारळासमोर आडवं झालं होतं.

“दहा जागा माह्या हातच्या,” शेषराव वाढता वाढता म्हणाले. “तो सातवा तेवढा माहा नाही. त्याचं मले नका विचारू.”

दिलीपचा हात वरणात थांबला.

“सातवा कोणता?”

“शाळेजवळचा. ते गायरान आहे. गायरानाले मालक नाही, तं गोठा मधात आला नाही का हरभरा मधात आला नाही. साहेबाचा ठिपका होता तिथंच भोक पाडलं. मले विचारलंच नाही. म्हून मी बी बोललो नाही.”

“काय लागलं?” मी विचारलं.

“काय लागते! वरून खालपर्यंत काळा पाषाण. पाणी नाही न् गारगोटी नाही. चार दिवस मशीन कोकलत होतं नुसतं.”

“पण तो नंबर दिलाच नव्हता,” दिलीप म्हणाला. “साहेब म्हणाले.”

“मले नाही माहीत, बाप्पा. जाऊन पाहा.”

हात धुऊन आम्ही गेलो. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, पुढे मैदान, मैदानाच्या कडेला झेंड्याचा खांब. खांब नेहमीसारखा सिमेंटच्या ओट्यात नव्हता. तो जमिनीतून वर आलेल्या एका जाड लोखंडी पाईपमध्ये उभा केला होता. भोवती ओटा आणि ओट्याला कड लावली होती, काळ्या, गुळगुळीत, मनगटाएवढ्या दगडी दंडगोलांची. एकाला गेरू, एकाला पांढरा रंग, असे ते आळीपाळीने रंगवले होते. हा सात नंबरचा सगळा खडक होता. प्रयोगशाळेत पाठवण्यासारखं त्यात काही नाही म्हणून तो इथेच टाकून गेले होते, आणि शाळेने त्याचा उपयोग केला होता. मी ओट्याभोवती हिंडून कड पाहिली. रंग उडाला होता तिथे एकाही तुकड्यात गारगोटीचा पांढरा ठिपकासुद्धा नव्हता.

कंपनीने स्वतः निवडलेली जागा ही एवढी एकच. तिथे काही निघालं नाही, आणि ती संगणकाला सांगितलेलीच नव्हती.

हे मी दिलीपला सांगणार होतो, पण तो ऐकत नव्हता. तो पाईपापाशी वाकला होता. पाईपाच्या कडेला वेल्डिंगने आकडा काढलेला होता. दिलीपने त्यावरून बोट फिरवलं, मग रुमालाने धूळ पुसली, मग पुन्हा बोट फिरवलं. सात.

“नंबर दिला होता,” तो म्हणाला.

त्याचा आवाज मी इतका बारीक झालेला त्याचे वडील गेले तेव्हाही ऐकला नव्हता.

“भाऊजी, बत्तीस वर्षं रजिस्टर लिहिलं मी. चुकीचं पत्र आलं तरी नंबर पडते. फाटकं आलं, निनावी आलं, शिव्यांचं आलं, तरी नंबर पडते. अन् एकदा पडलेला नंबर पुसता येत नाही. लाल शाईनं रेघ मारा, बाजूले कारण लिहा, खाली सही करा. पण पान फाडता येत नाही.” तो उठून उभा राहिला. “अन् तो मांडवात हसला. हॉटेलची खोली म्हणे.”

मी साठ्याचं अनुमान, दशांश, दोन बोअरमधलं अंतर, नमुन्याची निवड, हे सगळं दोन दिवस सांगत होतो. त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. नारळाने तर त्याचा विश्वास वाढला होता. पण रजिस्टरमधला एक नंबर गाळला होता, आणि हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. विज्ञानाची सगळी नीती आवक-जावक विभागात बसून शिकता येते, हे मला त्या मैदानात कळलं. मी उगाच एम.एस्सी. केलं.

जीपमध्ये आम्ही सतरा जण होतो. दिलीपने बुलढाण्यापर्यंत पुस्तिकेचं शेवटचं पान उघडं ठेवलं होतं.

बुलढाणा, शनिवार

सकाळी उठलो तर दिलीप जेवणाच्या टेबलावर लिहीत बसला होता. अर्ज नव्हता, पत्र होतं. विषय: बोअर क्रमांक सात यादीतून वगळल्याबाबत. संदर्भ: आपली पुस्तिका, पान शेवटचे. खाली मुद्दे एक ते पाच, आणि समक्ष पाहिलेल्या पाईपाचं वर्णन. अशी पत्रं त्याने आयुष्यभर घेतली होती, पहिल्यांदाच एक लिहिलं होतं. पत्राला त्याने स्वतःच नंबर दिला: एक. मग पोस्टात जाऊन पोच घेऊन आला.

संध्याकाळचे पाच वाजले आणि मुदत संपली. वंदनाने गवंड्याला फोन लावला. “सळ्यांवरचा गंज घासावा लागन का हो दादा?” एवढंच तिने विचारलं. मग तिने मला तिसरा कप आणून दिला. अर्धाच होता म्हणे.

निघताना तिने पिशवीत अर्धा किलो ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, “भाऊजी, तुम्ही समजावलं म्हणून बरं झालं.” मी पिशवी उचलली. पाहुण्याने यजमानाच्या गैरसमजावरही शंका घेऊ नये.

दोन महिन्यांनी दिलीपचा साताऱ्याला फोन आला. आवाज प्रसन्न होता. कंपनीने त्याच्या पत्राची दखल घेतली होती. ‘आपण निदर्शनास आणून दिलेली त्रुटी दूर करण्यात आली आहे’ असं उत्तर, आणि सोबत नवी पुस्तिका. पहिलं वाक्य तेच होतं, कोडं सुटल्याचं. डोंगर तसाच लाल होता, दशांशापुढचे दोन अंक जागेवर होते आणि शेअर घेण्याची मुदत वाढवली होती. बोअरची यादी मात्र नव्याने छापली होती. तिच्यात आता एक ते दहा असे दहा नंबर होते, लागोपाठ.

“दोनदा तपासलं भाऊजी,” दिलीप म्हणाला. “वरून खाली आणि खालून वर. आता रजिस्टर बरोबर आहे. आता कंपनीत काही खोट नाही.”

मी खुर्चीत बसलो आणि पैशांचं काय केलंस ते विचारलं.

वरच्या मजल्याचा स्लॅब आदल्या मंगळवारी टाकून झाला होता.